एका चिंधीच्या बदल्यात

"थ वरून मुलाचं नाव आहे का हो तुमच्याकडे?"

शेवंताने हे इतक्या खणखणीत आवाजात विचारलं, की जळगावच्या त्या वाचनालयातली सगळी वर्तमानपत्रं एकदम खाली आली आणि त्यांच्यामागून आठ-दहा टोप्या नि तेवढेच चष्मे तिच्याकडे बघू लागले. तिला काही लाज वाटली नाही. शाळेत दोन वर्षं उशिरा घातल्यामुळे अठराव्या वर्षी का होईना, पण ती यंदा मॅट्रिकला होती, वक्तृत्वात पहिली आली होती, आणि गेल्याच आठवड्यापासून दोन वेण्या सोडून एकच वेणी घालू लागली होती. अशा मुलीला लाज कशाची?

टेबलामागचा मुलगा फाटक्या पुस्तकाला पुठ्ठा चिकटवत होता. खळीचा ब्रश तसाच हातात धरून तो म्हणाला, "आहे ना. थॉमस."

"मी थट्टा करायला आले नाहीये."

"मीही बसलो नाहीये. थॉमस म्हणजे जुळा. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत माझ्या माहितीचे दोन थॉमस आहेत. एक इंजिन चालवतो, एक पाव भाजतो."

"थॉमस म्हटलं तर मावशी मला पुस्तकांसकट घराबाहेर काढेल."

"मग थिओडोर? देवाने दिलेला. म्हणजे आपला देवदत्तच की… नुसता कोट घातलेला."

शेवंताला हसू आलं, आणि ते लपवायला तिने घाईघाईने सगळी हकिकत सांगून टाकली. ती सावद्याची. शिकायला इथे सुनंदामावशीकडे राहते. मावशीला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगा झाला, आणि ज्योतिषीबुवांनी अक्षर काय काढून द्यावं? थ! मावशीचा हट्ट, की अक्षर धरूनच नाव ठेवायचं. बारावा दिवस असाच गेला. आता सव्वा महिन्याने बारसं. मावशीचे यजमान गिरधरकाका म्हणतात, थंडीत जन्मला, थंडाराम ठेवा. मावशी दोन दिवस काकांशी बोलत नव्हती.

"थोडा उशिरा जन्मला असता तर झ आलं असतं," मुलगा गंभीरपणे म्हणाला. "मग माझ्या वडिलांचं नाव चाललं असतं. झुलाल."

"आणि तुमचं?"

त्याने ब्रश खाली ठेवला. "चिंधा."

शेवंता हसली. वाईट हसली ती. टोप्या नि चष्मे पुन्हा वर आले. "अगंबाई! तुमच्या आईचा राग होता का काय तुमच्यावर?"

"राग नव्हता," तो म्हणाला. "भीती होती."

आणि मग, पुठ्ठ्यावरून बोट फिरवत, त्याने सांगितलं. त्याच्या आधीचे तीन भाऊ पाळण्यातच गेले. म्हणून हा जन्मला तेव्हा आईने त्याला आपला म्हटलाच नाही. शेजारची एक बाई आली, तिने आपल्या लुगड्याची चिंधी फाडून आईच्या हातावर ठेवली आणि पोर ओटीत घेतलं. विकत घेतलं! यमाला वाटावं, हे या घरातलं पोर नव्हेच. आणि ज्या घरातलं आहे तिथेही त्याचं मोल एका चिंधीचं. असलं पोर न्यायला कोण येतो? पाच वर्षं झाली की नारळ नि लुगडं-चोळी देऊन आई आपलं पोर सोडवून घेते. "माझं तेवढं राहून गेलं. आम्ही गाव सोडून धुळ्याला गेलो. म्हणजे अजून मी त्या बाईचाच. ती कोण, कुठली, मला काही आठवत नाही."

शेवंताचं हसू केव्हाच मावळलं होतं. घरी जाताना तिला आपल्याच खणखणीत आवाजाचा इतका राग आला, की मावशीने दोनदा विचारलं तरी ती बोलली नाही.

पण पुढच्या शनिवारी ती पुन्हा गेली. क्षमा मागायला म्हणून गेली, आणि चार नावं घेऊन आली.

मग हे दर शनिवारचंच झालं. चिंधा कॉलेजात शिकायचा, संध्याकाळी वाचनालयात काम करायचा आणि रविवारी भुसावळला काकाकडे जायचा. तिथे फलाटावर, बेकरीत, मशिदीसमोरच्या चहावाल्याकडे, भेटेल त्याला तो नावाचा अर्थ विचारी. लोक आधी संशयाने बघत, मग तासतास बोलत.

"पीटर म्हणजे काय, सांगा बघू."

"साहेब."

"धोंडा! आपला धोंडू आणि त्यांचा पीटर, एकच."

"खोटं! आमच्या मळ्यातल्या धोंडूला सांगितलं तर तो उद्यापासून हॅट घालेल."

"इसहाक म्हणजे हसू. याकूब म्हणजे भावाची टाच धरून जन्मलेला. बेहराम म्हणजे विजय, पण आमचे बेहरामजी तिकीट कलेक्टर रोज बायकोपुढे हरतात."

जिनिंगचे दिवस होते. अख्ख्या जळगावावर कापूस उडत होता… दुकानांच्या फळ्यांवर, टांग्याच्या घोड्यांच्या आयाळीत, शेवंताच्या वेणीत. चिंधा बोलता बोलता तिच्या वेणीतली कापसाची काडी अलगद काढायचा, आणि दोघंही असं दाखवायची की हे झालंच नाही.

एकदा त्याने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडून ठेवलं. "हे मंगोल लोकांचं. त्यांच्यात मुलं जगत नसली तर पुढच्याचं नाव ठेवतात नेर्गुई. अर्थ काय ठाऊक आहे? नाव नाही. यम दारात येऊन विचारतो, कोण आहे घरात? तर कुणीच नाही! आणि चीनमधल्या खेड्यांत म्हणे लाडक्या पोराला कुत्र्याचं नाव देतात."

शेवंता कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत राहिली. "म्हणजे जगात सगळीकडे…"

"सगळीकडे आया घाबरतात," तो म्हणाला.

त्याच्या आवाजातलं काहीतरी तिला इतकं लागलं, की ती पटकन म्हणाली, "ती तुमची चिंधीवाली बाई कुठे राहते, शोधून काढा ना. मी जाते आणि तुम्हाला मागून घेते तिच्याकडून. मला मोठमोठ्याने बोलता येतं!"

"मागून घेऊन काय कराल?"

"काय करतात घेतलेल्या वस्तूचं? …ठेवीन."

बोलून गेली आणि मग कानांच्या पाळ्यांपर्यंत तापली. त्याने पुस्तक मिटलं. म्हणाला, "डोळे मिटा."

"का?"

"पापणीवर कापूस आहे."

तिने डोळे मिटले. पापणीवर कापूस नव्हता. तिला ते ठाऊक होतं. त्याचं बोट नुसतं पापणीपाशी आलं आणि तिथेच थांबलं, टेकलंसुद्धा नाही. त्या दिवशी वाचनालयाबाहेर पडताना तिला वाटलं, आपण बोलायला लागलो तर आता तोंडातून फक्त त्याचंच नाव बाहेर पडेल. म्हणून ती सगळ्या वाटेने ओठ घट्ट मिटून चालत गेली. किती सुखात होती ती!

नाव शेवटी चिंधानेच आणलं. मारवाडी दुकानदाराकडून. त्यांच्यात शनिवारी जन्मलेल्याला थावरचंद म्हणतात. थावर म्हणजे शनिवार. आणि मावशीचं बाळ शनिवारचंच! मावशीने तोंड वाकडं केलं, मग मान्य केलं : कानात थावर सांगायचं आणि हाक मारायला आजोबांचं जीवराम. "आणि त्या नाव शोधणाऱ्या पोराला बारशाला बोलव गं," मावशी म्हणाली. "पाटलाचाच आहे म्हणे? कोणत्या कुळातला?" शेवंताने मान खाली घालून सांगितलं. जात एक, कुळं वेगळी. मावशीने गिरधरकाकांकडे बघितलं, काकांनी मावशीकडे. दोघंही हसली. इतकं सगळं जुळत होतं! एवढं जुळलं की माणसाने खरं तर घाबरायलाच हवं.

बारशाला सावद्याहून शेवंताची आई आली, इंदिराबाई. केळीचे दोन घड, पोतंभर वांगी आणि तोंडाचा पट्टा घेऊन आली. बायका गाणी म्हणत होत्या, शेवंता पाळण्याची दोरी ओढत होती, आणि चिंधा धुतलेला सदरा घालून दाराशी बाकावर अवघडून बसला होता. इंदिराबाईंनी त्याच्या हातावर घुगऱ्या ठेवल्या.

"कोनाचा रे तू, बाळा?"

"झुलाल पाटलांचा. चिंधा."

इंदिराबाईंचा हात तसाच राहिला. "कोनते झुलाल? जामनेरचे? …कमलचा तू?"

त्याने हो म्हणायच्या आत त्यांनी त्याची हनुवटी धरली, मान वळवली आणि उजव्या कानामागे बघितलं. तिथे नजर लागू नये म्हणून लावलेल्या बिब्ब्याचा जुना काळा डाग होता. चार माणसांसारख्या जगणाऱ्या, हसणाऱ्या, भांडणाऱ्या त्या बाईच्या तोंडून मग जो आवाज निघाला तो शेवंताने कधी ऐकला नव्हता.

"माहा चिंधा! अवं सुनंदे, पाह्य व, माहा चिंधा! माह्या थोरल्या लीलाधरच्या बाळंतपनाले मी माहेरी जामनेरले होती, तवा ह्या हातानं लुगडं फाडलं होतं! अठरा वर्सं शोधते मी याले!" आणि भर बायकांत त्यांनी वीस वर्षांचा तो पोरगा पोटाशी धरला. "शेवंते, अशी का उभी? ये न व. भाऊ हाये तुहा! लीलाधरसारखाच भाऊ!"

सगळ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कुणी म्हणालं, देवाची करणी. कुणी कुंकू आणलं. सगळं घर आनंदाने नुसतं वाहत होतं, आणि इंदिराबाईंच्या खांद्यावरून चिंधा शेवंताकडे बघत होता. पांढराफटक. शेवंताच्या हातात दोरी होती. ती ओढत राहिली. पाळणा हलत राहिला. दुसरं काय करणार होती ती?

दुसऱ्या दिवशी सकाळी मेथी निवडताना तिने आईला सगळं सांगून टाकलं. आई मारेल असं तिला वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. इंदिराबाई एकेक पान खुडत राहिल्या, निवडलेली जुडी पुन्हा निवडत राहिल्या.

"माय, नुसती एक चिंधी दिलीस तू. एक चिंधी! त्याने कुणी भाऊ होतं का?"

"लेकरू जगलं न त्यानं?"

"मग परत दे त्यांना! टाकून दे!"

"घेतलेलं लेकरू टाकता येत नाही, पोरी. ज्याचं त्यानं मागा लागते." आईने डोळे पुसले. मेथीच्या हातांनी पुसले, तर आणखी चुरचुरले. "कमलनं मागितलं, नारय-लुगडं घेऊन पुढं आली, तर मी ओटी मोकळी करीन. मंग तो कमलचा आन तू माही. तुह्या बापाशी, नानांशी मी बोलीन. पन मागा तिनंच लागते."

एवढ्यावर शेवंता चार दिवस जगली. चार दिवस! भूगोलाच्या तासाला तिने धुळ्याचा नकाशा काढला. काय एवढं मोठं होतं? एक नारळ, एक लुगडं. पाचव्या वर्षी करायचं ते विसाव्या वर्षी. चिंधा फक्त म्हणाला, "माय ऐकेल असं वाटत नाही मला." शेवंता म्हणाली, "माझी बोलायची पद्धत तुम्ही बघितली नाहीत अजून." त्याने नेहमीसारखं हसायला हवं होतं. तो हसला नाही.

चाळीसगावला गाडी बदलून तिघं धुळ्याला पोहोचली. चिंधाचे वडील गिरणीत कामावर होते. कमलबाई दारातच उभी होती, एवढीशी, वाळलेल्या शेंगेसारखी. इंदिराबाईंच्या गळ्यात पडून ती आधी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. तिची बोली माहेरची, धुळ्याकडची. "तुनामुये जगना हाऊ, अक्का. बठ्ठं तुनंच शे." तुझ्यामुळेच जगला हा, सगळं तुझंच, असं ती म्हणत राहिली. शेवंताच्या गालांवरून हात फिरवून तिने बोटं मोडली. इतकं चांगलं माणूस होतं ते. हेच तर वाईट होतं.

चिंधाने आडपडदा न ठेवता सांगितलं. "माय, मला सोडवून घे. आज, आत्ता. मला शेवंताशी लग्न करायचं आहे."

शेवंताच्या गालाकडे पुन्हा गेलेला कमलबाईचा हात खाली आला.

"नही," ती म्हणाली.

"माय—"

"नही रे भाऊ. तुले काय माहीत? तुना पाठवर एक जन्मना. तवय माले वाटनं, आते भ्याव गयं. गोरागोमटा व्हता. मी हौस करी, सुंदर नाव ठेवं. रूपचंद. चांदीना वाया पायमा घाल्यात." तिने चांदीचे वाळे म्हटलं आणि बोटांनी हवेत दोन लहान वर्तुळं केली. "तीन महिनामा गया. मी नाव ठेवं म्हनीसन गया. मंग मी सोगन, शप्पथ घिदी, याले कधीच सोडावनार नही."

"रूपचंदला घटसर्प झाला होता, माय. नावाने कुणी मरत नाही."

"तू शिकेल शे. मी नही."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. मग चिंधाने ते वाक्य उच्चारलं. हळू, पण उच्चारलं. "मग मी तुझ्या परवानगीशिवाय करीन."

कमलबाईने त्याच्याकडे बघितलं. आणि उठली. आतून ट्रंक उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सूप होतं, सुपात नारळ आणि एक हिरवं लुगडं. नवंकोरं, पण घड्यांवर पिवळं पडलेलं. पंधरा वर्षांपूर्वी याच कामासाठी घेतलेलं असणार, आणि रूपचंद गेल्यावर तसंच तळाशी ठेवून दिलेलं. ती इंदिराबाईंसमोर बसली. सूप पुढे केलं. ओठ हलत होते, पण मागणीचा शब्द काही फुटेना. हात असे कापत होते, की नारळ सुपात इकडून तिकडे गडगडत होता. मध्येच तिने सूप खाली ठेवलं आणि पोराच्या छातीवर तळवा टेकवून बघितला. श्वास चालू आहे ना! पुन्हा सूप उचललं. पुन्हा खाली ठेवलं. पुन्हा छातीवर हात.

चिंधा भिंतीकडे बघत होता.

शेवंता जिंकली होती. आणखी एक क्षण गप्प बसली असती, तर सगळं तिचं होतं. पण तिला पुढचं दिसत होतं. उद्या याला साधा ताप आला, पडसं झालं, पायात काटा मोडला तरी ही बाई अशीच धावत येऊन छातीवर हात ठेवणार. आणि मग आपल्याकडे बघणार. काही बोलणार नाही, नुसती बघणार. आणि एखाद्या दिवशी खरंच काही झालं तर?

"काकू," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "राहू द्या."

"शेवंता!" चिंधा ओरडला. इतक्या दिवसांत त्याने तिला पहिल्यांदाच नुसत्या नावाने हाक मारली होती.

तिने सूप कमलबाईच्या हातातून काढून घेतलं आणि लुगडं नीट घडी करून परत दिलं. कमलबाई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिचा बांध फुटला; शेवंताचे दोन्ही हात डोळ्यांना लावून ती हुंदके देत राहिली. सुटल्यासारखी, वाचल्यासारखी. आणि त्याच आनंदात धावत आत जाऊन निरांजन लावून आली.

"ये माय, ओवाळ याले. आज भाऊबीज नही, ते काय व्हयनं? तुना भाऊ शे हाऊ."

इंदिराबाई काही बोलायला गेल्या, पण शेवंताने त्यांच्या आधी मान हलवली.

"तेवढं नका सांगू, काकू. लग्न सोडलं मी. पण बहीण काही मी त्यांची होणार नाही."

निरांजन कमलबाईच्या हातातच जळत राहिलं.

चिंधा एक दिवस आईपाशी थांबणार होता; दुपारच्या गाडीला तो पोचवायला आला. इंदिराबाई डब्यात जाऊन बसल्या आणि मुद्दाम दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघू लागल्या. फलाटावर ऊन रखरखत होतं. त्याने पिशवी तिच्या हातात दिली. त्या पिशवीचा एक बंद त्याच्या हातात, एक तिच्या.

"मी थांबेन," तो म्हणाला. "कितीही वर्षं. माय कधीतरी…"

"कधीतरी काय? तिचं मन बदलेल? ते नाही बदलणार." तिने बंद ओढून घेतला. "मग थांबायचं म्हणजे कशाची वाट बघायची, ते तुम्हीच सांगा."

ते सांगण्यासारखं नव्हतंच. स्वतःच्या आईच्या मरणाची वाट कोण बघतो?

"पत्र लिहू?"

"नको. मॅट्रिक आहे माझं." ती हसायला गेली, ते काही जमलं नाही. "आणि वाचनालयातही मी येणार नाही आता. मावशीला सांगेन, अभ्यास आहे."

"शेवंता, एकदा तरी—"

"जा ना," ती म्हणाली. "गाडी सुटेपर्यंत नका थांबू. मला नाही सोसायचं."

तो गेला. खरंच गेला. मान खाली घालून, फलाटाच्या कडेकडेने, एकदाही मागे न बघता. शेवंता डब्यात चढली. गार्डने शिट्टी दिली. आणि तिला जाणवलं, की हा माणूस असाच थांबणार आहे. आपण नको म्हटलं तरी थांबणार आहे, आयुष्यभर, धुळ्याच्या या उन्हात, कारण आपण त्याला अजून सोडलेलंच नाही. त्या शनिवारपासून, पापणीवर कापूस नव्हता त्या शनिवारपासून, तिने त्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. मावशीपाशी नाही, आईपाशी नाही, त्याच्यापाशीही नाही. कुणी शिकवलं नव्हतं. पण नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नसतं, हे काय शिकवावं लागतं?

गाडी हलली. तिने खिडकीच्या गजांना तोंड लावलं आणि छाती फुटेल इतक्या मोठ्याने हाक मारली.

"चिंधाऽऽ!"

फलाटावरचे हमाल वळले. चहावाला वळला. फाटकापाशी पोहोचलेला तोही वळला, आणि जिथे होता तिथेच, मारलेल्यासारखा उभा राहिला.

इंदिराबाईंनी दचकून तिचं मनगट धरलं. "अवं, नाव घेतलं तू त्याचं?"

"हो माय," शेवंता म्हणाली. "आता घेता येतं."